डोंगरात आणि पाण्यावर: साधा हँडहेल्ड जीपीएस निवडताना

साधा हँडहेल्ड जीपीएस घ्यायचं ठरलं की बहुतेक जण अचूकतेपासून सुरुवात करतात. कुठला किती उपग्रह पकडतो, कुठला किती मीटरपर्यंत बरोबर, वगैरे. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. मे २००० पर्यंत नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची आणि जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. ती भेसळ बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली पाच-सात मीटरची अचूकता साध्यातलं साधं यंत्रही देतं. पायवाटेचा फाटा किंवा किनाऱ्यावर उतरायची जागा शोधायला तेवढी पुरेशी आहे.

फरक पडतो तो दुसरीकडे. बोटं ओली असताना बटण दाबता येतं का? भर उन्हात आकडा वाचता येतो का? सेल बदलायची वेळ कुठे येणार, झाडाखाली बसून की डुलणाऱ्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीत? आणि यंत्रात नकाशा हवाच आहे का, की तो खिशात दुसऱ्या रूपात असणार आहे? या प्रश्नांची उत्तरं डोंगरासाठी एक येतात आणि पाण्यासाठी दुसरी. दोन्ही करणाऱ्याची पंचाईत होते ती इथेच.

समोर काय काय आहे

या वर्गात गार्मिन या कंपनीचंच राज्य आहे, त्यामुळे तुलना बरीचशी त्यांच्याच मॉडेलांमध्ये होते. पहिला ईट्रेक्स एसई, २०२३ मध्ये आलेला. काळा-पांढरा २.२ इंची पडदा, दोन डबल-ए सेल, आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, फोनशी ब्लूटूथने जोडणी. नकाशा मात्र भरता येत नाही. दुसरी ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही जोडी, २०१९ ची. पडदा तेवढाच पण रंगीत, आत ८ जीबी जागा, वर मेमरी कार्डाची खाच, आणि नकाशा आधीच भरलेला. दोघांत फरक एवढाच की ३२एक्समध्ये होकायंत्र आणि वायुदाबावर चालणारा उंचीमापक आहे, २२एक्समध्ये दोन्ही नाहीत. तिसरा जीपीएसमॅप ७९एस: खास पाण्यासाठी बनवलेला, तीन इंची रंगीत पडद्याचा, आणि हातातून सुटला तरी तरंगणारा. चौथा उमेदवार तुमच्या खिशात आहेच, म्हणजे फोन.

मनगटावर बांधायचे फोरट्रेक्सही आहेत. ६०१ दोन ट्रिपल-ए सेलवर ४८ तासांपर्यंत चालतो, हातातून निसटायचा प्रश्न नाही, वल्हवताना नुसती नजर खाली वळवली की आकडा दिसतो. नकाशा नको असेल आणि मनगटावर ठोकळा खपत असेल तर वाईट नाही. पण पहिलंच यंत्र घेणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. छोट्या पडद्यावर मेनूत शिरून काही करायचं तर जीव मेटाकुटीला येतो.

आधी फोनचा निकाल लावू

फोनमधला जीपीएस नेटवर्कशिवाय चालतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून एकतर्फी सिग्नल पाठवतात, त्यात मोबाइल टॉवरचा संबंध नाही. टॉवर नसला तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या अ‍ॅपमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवला, फोन फ्लाइट मोडवर टाकला, की एका दिवसाच्या पायी फिरण्यासाठी तो उत्तम आहे. पडदा मोठा, नकाशा देखणा, हाताळणी सवयीची. एक दिवसाच्या ट्रेकपलीकडे जाणार नसाल तर वेगळं यंत्र घेऊच नका, असं मी बिनदिक्कत सांगेन.

पाण्यावर चित्र पालटतं. फोनच्या पडद्याला बोट ओळखायला विजेचा सूक्ष्म बदल लागतो, आणि पाण्याचा थेंबही तोच बदल घडवतो. नकाशा आपोआप मोठा-लहान होतो, भलतीच खूण उमटते, आणि तुम्ही ओल्या बाहीने पडदा पुसत बसता. फोन जलरोधक आहे म्हणजे तो पाण्यात मरत नाही. पाण्यात वापरता येतो असं नव्हे. जलरोधक पिशवीत घातला तर स्पर्श आणखी मंदावतो, आणि उन्हात पडदा उजळ ठेवावा लागत असल्यामुळे फोन पिशवीत तापतोही. शिवाय मदतीला हाक मारायचं साधनही तेच. दिशा बघता बघता तेच रिकामं करून टाकणं मला पटत नाही.

पाण्यावर नकाशापेक्षा आकडे जास्त कामाचे

कयाकमध्ये बसलेल्या माणसाला नकाशा क्वचितच बघायचा असतो. किनारा समोर दिसतो, बेट दिसतं. कळत नाही ती एकच गोष्ट: आपण खरंच तिकडे चाललोय का. होडीचं नाक तिकडे आहे, पण पाणी आणि वारा आपल्याला आडवं ओढतायत.

एक उदाहरण घेऊ. खाडी ओलांडून पलीकडे उतरायचंय. यंत्र सांगतं की ती जागा ६० अंशांवर (उत्तरेपासून उजवीकडे मोजून) आहे. तुम्ही नाक ६० वर धरून ताशी ५ किलोमीटरने वल्हवताय, आणि डावीकडून उजवीकडे ताशी १.३ किलोमीटरचा प्रवाह आहे. प्रवासाची दिशा दाखवणारा आकडा ६० नाही, साधारण ७५ दाखवेल. मग नाक डावीकडे वळवत न्यायचं, जवळपास ४५ पर्यंत, की प्रवासाचा आकडा ६० वर येऊन थांबतो. आता तुम्ही तिरके दिसत असलात तरी सरळ रेषेत जाताय. हे गणित डोक्यात कुणी करत नाही. दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे, ठिकाणाची दिशा आणि प्रत्यक्ष प्रवासाची दिशा, आणि ते जुळेपर्यंत नाक फिरवायचं. यासाठी नकाशा लागत नाही. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ठळक आकडे असले की काम झालं.

याच ठिकाणी बाणाची एक खोड कळून घ्यायला हवी. ‘इथे जा’ म्हटलं की यंत्र बाण दाखवतं, आणि तो बाण दर क्षणी तुमच्या नव्या जागेवरून ठिकाणाकडे रोखलेला असतो. प्रवाहात त्याच्यामागे नुसतं जात राहिलात तर तुम्ही वाहत वाहत वक्र मार्गाने पोहोचता, आणि शेवटचा टप्पा बहुधा प्रवाहाच्या तोंडावर काढावा लागतो. ईट्रेक्समध्ये बाणाऐवजी मूळ रेषेपासून किती सरकलो ते दाखवायची सोय असते. ती चालू करा. पाण्यावर या एका सेटिंगचा जितका उपयोग होतो तितका चार उपग्रह जास्त पकडण्याचा होत नाही.

दुसरी खोड त्याहून धोक्याची. होकायंत्र नसलेलं यंत्र, म्हणजे २२एक्स, तुमचं तोंड कुठे आहे हे जाणत नाही. मघाच्या आणि आत्ताच्या जागेवरून ते दिशा काढतं. चालत असताना हे खपून जातं, कारण माणूस तोंड असतं तिकडेच चालतो. होडीत तसं नसतं. धुक्यात वल्हं थांबवून यंत्र हातात घेतलं, तेवढ्यात वाऱ्याने होडी फिरवली आणि ती बाजूने वाहू लागली. यंत्राला वाटतं वाहण्याची दिशा म्हणजेच पुढची दिशा. बाण म्हणतो डावीकडे, आणि ती जागा असते तुमच्या पाठीमागे. एसई आणि ३२एक्स इथे सुटतात. २२एक्सच घ्यायचा असेल तर डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीवर, एक साधं चुंबकी होकायंत्र बसवा. नाक त्याच्यावर सांभाळायचं आणि प्रवास जीपीएसवर तपासायचा. कित्येक अनुभवी लोक यंत्रात होकायंत्र असूनही असंच करतात.

आता बुडण्याचं बोलू. आयपीएक्स ७ हा जलरोधकतेचा दर्जा, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणं. तीनही ईट्रेक्स या दर्जाचे आहेत. शिंतोडे, पाऊस, उलटलेली होडी, सगळं सोसतील. पण तरंगणार नाहीत. २२एक्सचं सेलसकट वजन १४२ ग्रॅम, आणि ते थेट तळाला जातं. म्हणून दोरी हवीच, आणि ती लाइफ जॅकेटला किंवा डेकच्या दोरीला आखूड बांधलेली. लांब दोरी होडी उलटली की वल्ह्यात आणि हातात गुंतते. समुद्रात नियमित जाणाऱ्याने सरळ तरंगणारा ७९एस घ्यावा. डोंगरात मात्र तो अवजड वाटतो, आणि बॅटरी जेमतेम वीस तासांच्या घरातली. सागरी नकाशेही त्यात घालता येतात, ते हवे असतील तर हिशेब आणखी सोपा होतो. कारण डोंगरी नकाशात पाणी म्हणजे नुसता निळा रंग. खाली खडक एका हातावर आहे की दहा, हे तो सांगत नाही.

डोंगरात उलटं होतं

पायी चालताना आकड्यांनी भागत नाही. ठिकाण ईशान्येला ९०० मीटरवर आहे हे कळून काय उपयोग, मध्ये घळ असेल तर? वाट आधी खाली उतरते, ओढा ओलांडते, मग वर चढते. हे फक्त नकाशा दाखवतो. फाट्यावर उभं राहून कुठली वाट पुढे बंद होते हे बघायचं तर २२एक्सचा रंगीत पडदा एसईपेक्षा कितीतरी सरस. २.२ इंच म्हणजे काड्यापेटीपेक्षा फार मोठा नाही, तरी आपण या फाट्यावर आहोत की पुढच्या, हे त्यावर कळतं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर बनवलेले गार्मिनला चालणारे फुकट नकाशेही मिळतात. फाइल कार्डावर टाकायची, यंत्र उघडायचं, झालं. आधीच भरलेला नकाशा विक्रीच्या प्रदेशानुसार असतो, तेव्हा दुसऱ्या खंडातून यंत्र मागवलंत तर हा उद्योग करावाच लागेल.

एसईवाल्याला हे सगळं फोनवर किंवा कागदावर बघावं लागतं. ते वाईटच असं नाही. फोन बंद करून सॅकमध्ये, फाट्यावर तेवढा बाहेर. बाकी वेळ एसई नोंद ठेवतोय. पण मग दोन यंत्रं सांभाळायची, आणि पावसात फोन काढायचा.

उंचीमापकावर फार भाळू नका. उपग्रहावरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते हे खरं, आणि वायुदाबाचा मापक तिथे चढ-उतार नेमका सांगतो. पण हवा बदलली की तोही फसतो: दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की जागच्या जागी तुम्ही आठ-साडेआठ मीटर वर चढल्याचं दिसतं. ओळखीच्या उंचीवर रोज जुळवून घ्यावा लागतो. खरा फायदा उलट बाजूने आहे. मुक्कामी, एकाच जागी असताना दाब भराभर उतरत असेल तर हवा बिघडतेय. मोठ्या तलावावर सकाळी निघायचं की नाही ठरवताना ही एक नोंद कामी येते.

दाट झाडी, अरुंद दरी, उंच कडा अशा जागी सिग्नल खडकावर आपटून उशिरा येतो, आणि नोंदवलेली वाट नागमोडी उमटते. दोन वारंवारतांवर ऐकणारी यंत्रं, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६५, इथे बरी ठरतात. पण सुरुवातीच्या यंत्रासाठी मी त्यावर जादा खर्च करणार नाही. वाट पायाखाली दिसत असते.

सेल आणि तास

कागदावर २२एक्स आणि ३२एक्स २५ तास, एसई नेहमीच्या वापरात १६८ तास. दिवसाला आठ तास धरले तर पहिल्याचे तीन दिवस, दुसऱ्याचे तीन आठवडे. एसईमध्ये १,८०० तासांचा एक्स्पिडिशन मोडही आहे, पण त्यात नोंदी विरळ होतात. वाट काढताना तो कामाचा नाही. प्रत्यक्षात पडद्यामागचा दिवा लावला, थंडी असली, की सगळेच आकडे खाली येतात.

डोंगरात या फरकाचं मला फारसं काही वाटत नाही. दोन जादा सेल घेतले की २२एक्सचेही सहा दिवस झाले. पाण्यावर तो मोलाचा ठरतो, कारण तिथे प्रश्न वजनाचा नसून झाकण उघडण्याचा आहे. मागची कडी फिरवून झाकण काढायचं, ओल्या हातांनी दोन सेल उपसायचे, कोरडे दोन त्याच हातांनी घालायचे, तोवर लाट. सेलच्या कप्प्यात खारं पाणी गेलं की जलरोधक दर्जाचा काही उपयोग राहत नाही, स्प्रिंगा गंजतात. एसई घेऊन निघालेल्याला पाण्यावर ते झाकण उघडावं लागणारच नाही.

सेल कुठले? थंडीत अल्कलाइन लवकर मान टाकतात. लिथियमचे एकदाच वापरायचे डबल-ए हलके आणि थंडीला पक्के. रोजच्यासाठी रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड बरे, पण त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणून मेनूत सेलचा प्रकार बदलावा लागतो. नाहीतर अर्धे भरलेले सेल संपत आल्याचं दिसतं.

मग घ्यायचा कुठला

जास्त वेळ पायी आणि अधूनमधून शांत पाण्यावर जात असाल तर ३२एक्स. २२एक्सवर भागवायचं असेल तर होकायंत्र सोबत ठेवायची सवय आधी लावून घ्या. जास्त वेळ पाण्यावर, आणि डोंगरात ओळखीच्या वाटांवर जाणार असाल तर एसई, अगदी डोळे मिटून. नकाशा नाही म्हणून नाक मुरडू नका. पाण्यावर तुम्ही तो बघणारच नव्हता. समुद्र, भरती-ओहोटी, खाडीची तोंडं हा नेहमीचा रस्ता असेल तर ७९एस, आणि डोंगरात त्याचं ओझं सोसा. दोन्ही अगदी अर्धं-अर्धं असेल, तर माझं मत एसई अधिक फोनवरचा नकाशा असं आहे. एसईवर ठिकाणांची नावं आणि खुणा घरी बसून फोनवर नीट भरता येतात. २२एक्सवर तेच काम बोटभर दांडीने एकेक अक्षर निवडत करायचं किंवा संगणकाला केबल जोडून.

संकटात संदेश पाठवणारी उपग्रह यंत्रं, जशी इनरीच मिनी, ही वेगळी जात आहे. ती वाट दाखवायला घेऊ नका, आणि काही देशांत परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, हे निघण्याआधी तपासा.

जुनं यंत्र घेणार असाल तर तीन गोष्टी: केबलच्या खाचेवरचं रबरी झाकण घट्ट बसतंय का, सेलच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का, आणि मोकळ्यावर सुरू केल्यावर तारीख बरोबर येते का. जीपीएसचा आठवड्यांचा मूळ मोजणीक्रम दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा एप्रिल २०१९ मध्ये आला. बरीच जुनी यंत्रं जागा बरोबर दाखवतात आणि तारीख वीस वर्षं मागची.

डबा उघडल्यावर

अक्षांश-रेखांशांची अंश-मिनिटं लिहायची पद्धत आधी ठरवा, आणि सोबतच्या सगळ्यांची तीच ठेवा. १८ अंश ३०.५ मिनिटं आणि १८ अंश ३० मिनिटं ५ सेकंद हे ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात, पण दोघांत सुमारे ७७० मीटरचं अंतर आहे. फोनवरून जागा सांगताना नेमका हाच घोटाळा होतो. कागदी नकाशा जुना असेल तर त्याच्या कोपऱ्यात छापलेला भूमापन संदर्भ (डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश कशाच्या आधारे मोजले ते) बघा आणि यंत्रात तोच निवडा. यंत्र मुळात डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भावर असतं, आणि न जुळल्यास जागा काहीशे मीटर सरकू शकते. उत्तर दिशा खरी धरायची की चुंबकी, तेही डेकवरच्या होकायंत्राशी जुळवा. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र सेल बदलल्यावर पुन्हा जुळवावं लागतं, आणि त्या वेळी फोन, किल्ल्या, चुंबकी बटणाची पिशवी लांब ठेवायची.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर केबलचं झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्याने धुवा, आणि पूर्ण वाळल्यावर मगच ते उघडा. तरंगणारा पाऊच वेगळा घेतला असेल तर यंत्राएवढं वजन घालून तो घरीच बादलीत सोडून बघा. पाऊचवर छापलेल्या वजनात दोरी आणि कडी धरलेली असेलच असं नाही. बुडाला तर परत करायची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं.